युवक सभा बंद केल्याने मुले चर्चमध्ये टिकतील का?

टिळकवाडीकर
दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वासाची जाहीर कबुली देण्याचा विधी) झाले की मुले चर्चमध्ये दिसेनाशी होतात, याला गिटार, ड्रम आणि खेळांनी भरलेली युवक सभाच जबाबदार असून ती वर्षभर बंद ठेवावी व मुलांना मोठ्यांबरोबर उपासनेत बसवावे, असा सल्ला देणारी पोस्ट काल इथे आली आणि तिच्याखाली 'आमेन'ची रांग लागली. बेळगावात युवकांचे काम करणाऱ्या माणसाला हे वाचून गप्प बसणे शक्य नाही. आमच्याकडे नववीतल्या एका मुलाने विचारले होते की, सगळ्या मंडळीने उपास-प्रार्थना करूनही माझी आजी का गेली? पाहुण्या वक्त्याने 'शंका हे सैतानाचे काम' म्हणून त्याला खाली बसवले. तो मान खाली घालून शास्त्राच्या (बायबलच्या) कव्हरची चेन उघडझाप करत राहिला आणि पुढच्या रविवारी आला नाही. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत होता व त्यांना प्रश्न विचारत होता, असे शुभवर्तमानात लूक सांगतो. त्याला कोणी गप्प केल्याचे मात्र सांगत नाही. मुलांना प्रश्न विचारू द्या आणि शास्त्रवाचन, वादन, आजाऱ्यांच्या भेटी अशी खरी कामे द्या, एवढेच माझे म्हणणे आहे.

कॅम्पातला वडील
ती पोस्ट माझी होती आणि मी तिच्यावर ठाम आहे. बायबलमधल्या पत्रात प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या विश्वासाचा उगम त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात पाहतो; तिथे कोणी यूथ लीडर नव्हता. आज घरातली संध्याकाळची प्रार्थना मोडली आहे, रविवारी सकाळी नीटची शिकवणी असते, आणि मग दोन तासांच्या सभेने विश्वास जागवावा अशी अपेक्षा! शिवाय त्या मुलाच्या घरी नंतर कोणी गेले होते का?

खानापूरची लेक
मुळात उपासनेतले मराठी मुलांना कळते का? माझा मुलगा इंग्रजी माध्यमात शिकतो, मित्रांशी कन्नड बोलतो आणि मराठी शास्त्रवाचनात अडखळतो. मागच्या बाकावरून एकदा हसू आले, तेव्हापासून तो वाचायला उभा राहत नाही.

निपाणीकर
म्हणजे आता चर्चमधूनही मराठी घालवायची! आम्ही 1956 पासून या सीमाभागात कशासाठी झगडतो आहोत? नारायण वामन टिळकांची भजने ज्यांना जड वाटतात, त्यांनी आधी स्वतःच्या घरात मराठी बोलावी.

खानापूरची लेक
युवक सभा ही सीमाप्रश्नाची सभा नव्हे, आणि माझ्या घरात कोणती भाषा चालते याची चौकशी तुम्ही करू नये. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर भजन-कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजवले, कारण ते लोकांच्या कानाला ओळखीचे होते. त्यांचेच नाव घेऊन तुम्ही आजच्या मुलांचे कान बंद करता आहात. लंडन मिशनचे काम बेळगावात 1820 मध्ये सुरू झाले, ते काही एकाच भाषेच्या लोकांसाठी नव्हते.

निपाणीकर
इतिहास मलाही येतो. वाचन मराठीतच व्हावे. मुलांनी चर्चा हवी तर कन्नडमध्ये करावी, मी कान झाकून घेईन.

गोकाकचा वकील
भाषेवर एवढी शाई सांडलीत, पण मे महिन्याच्या शिबिराला मुले आपल्या हिंदू मित्रांना घेऊन येतात, तेव्हा त्यांच्या पालकांची लेखी संमती किती जण घेतात? कर्नाटकच्या 2022 च्या धर्मांतरविरोधी कायद्यात अल्पवयीनांच्या बेकायदा धर्मांतरासाठी तीन ते दहा वर्षांच्या कैदेची तरतूद होती. 2023 मध्ये मंत्रिमंडळाने तो कायदा रद्द करण्याचे ठरवले, तरी गावातला संशय तेवढ्याने जात नाही. मुलींच्या मुक्कामाला जबाबदार स्त्रिया हव्यात, हेही सांगावे लागते याचे नवल वाटते.

टिळकवाडीकर
संमतीपत्र आम्ही घेतो. वडील, त्या मुलाच्या घरी मी गेलो होतो. आईने दारातच सांगितले की, आता दहावी संपेपर्यंत चर्च नको. घराबद्दलचा तुमचा मुद्दा तेवढ्यापुरता मान्य, पण ज्या घराचे दार असे बंद होते, तिथल्या मुलासाठी सभाही बंद करायची का?

कॅम्पातला वडील
मान्य केलेत, हेच पुष्कळ झाले. वाजवा तुमचे ड्रम, पण उपासना संपल्यावर वाजवा. आणि पुढच्या वेळी वक्ता बोलावताना आधी त्याला मंडळीतल्या चार आयांसमोर बसवा.