मलाखी ३:१० लावायचं तर पूर्ण लावा, अर्धं नको

मोहरीचा दाणा (धागा सुरू करणारा)

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) अर्पणाच्या आधी बायबलच्या जुन्या करारातल्या मलाखी या पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचतात. वाचतात म्हणजे काय तर वचन ८ ते १०, देवाला ठकवता का इथून सुरू आणि आकाशाची कवाडं उघडतील तिथे बंद. मग दारापाशी यादी लागते, कोणाचा दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, आला आणि कोणाचा थकला. "थकला" हाच शब्द असतो, लाइटबिल थकल्यासारखा.

माझा दशमांशाला विरोध नाही, मी स्वतः देतो. पण त्याच अध्यायातलं पाचवं वचन मी आजवर एकदाही वेदीवरून ऐकलेलं नाही. त्यात देव म्हणतो की मजुराची मजुरी बुडवणारे, विधवा आणि पोरक्यांना छळणारे, परक्याचा हक्क मारणारे यांच्याविरुद्ध मी साक्ष द्यायला येतो. दहाव्या वचनाच्या फक्त पाच वचनं आधी. आणि दुसरा अध्याय सुरू होतो तोच "याजकहो" असं म्हणून, म्हणजे मेंबरांच्या आधी झाडाझडती वेदीपाशी उभ्या असलेल्यांची आहे. आपण नेमकी तीन वचनं कापून घेतो आणि ज्याच्या हातात काही नाही त्याच्यावर धरतो. हे वचन आज लावणं झालं का?

पाळकाचा मुलगा

दादा, तुमचं दुखणं कळतंय पण दुसरी बाजू मी घरात बघितलीय म्हणून लिहितो. माझ्या वडिलांनी ३१ वर्षं पाळकपण केलं. महिना संपायचा, मानधन यायचं नाही, खजिनदार म्हणायचे कलेक्शन कमी आलंय, पुढच्या आठवड्यात बघू. आई किराणाची वही उशीखाली ठेवायची, आम्हाला दिसू नये म्हणून. आणि त्याच मंडळीत दोन-दोन गाड्यांतून येणारे लोक होते जे म्हणायचे आम्ही आता मोशेच्या नियमशास्त्राखाली नाही, आम्ही कृपेखाली आहोत. कृपेखाली आहात तर मग दहा टक्क्यांपेक्षा जास्त यायला हवं ना? येत होतं शून्य.

प्रेषित पौल त्याच्या पत्रात, १ करिंथ ९ मध्ये, स्वच्छ सांगतो, मंदिरात सेवा करणारे मंदिराचं खातात, तसंच सुवार्ता सांगणाऱ्यांनी सुवार्तेवर पोट भरावं ही प्रभूचीच आज्ञा आहे. गलतीकरांस पत्र ६:६ वाचा. १ तीमथ्य ५ मध्ये तर मळणीच्या बैलाला मुसकी बांधू नका असं आहे. तुम्ही पाचवं वचन काढलंत, मजुराची मजुरी बुडवणारे, मग पाळक मजूर नाही का? त्याची मजुरी बुडत होती तेव्हा यादी कोणी लावली?

मोहरीचा दाणा

तुमच्या आईची ती वही वाचून गलबलून आलं. तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य, पाळकाची मजुरी बुडवणं हे पाचव्या वचनातलंच पाप आहे. पण ते पाप दोन गाड्यावाल्यांचं, आणि यादीत नाव येतं ते धुणीभांडी करणाऱ्या बाईचं, कारण गाडीवाल्याचं नाव लावायची कोणाची छाती होत नाही.

अभ्यासू

दोघंही मलाखीत अडकलात, दशमांश नियमशास्त्राच्या आधीपासूनचा आहे. उत्पत्ती १४ मध्ये अब्राहामाने मलकीसदेक या राजाला, जो देवाचा याजकही होता, दहावा भाग दिला तेव्हा मोशे जन्मालाही आला नव्हता. आणि प्रभू येशू मत्तय २३:२३ मध्ये परुशांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या धर्मपुढाऱ्यांना, म्हणतो, तुम्ही पुदिना, शेप, जिरे यांचा दशमांश देता पण न्याय, दया, विश्वास सोडता, या गोष्टी करायच्या होत्या आणि त्याही सोडायच्या नव्हत्या. "त्याही सोडायच्या नव्हत्या" हे प्रभूचे शब्द आहेत, तिथे वाद संपतो.

शेवटचा बाक

वाद संपत नाही, तिथूनच सुरू होतो. अब्राहामाने दिला तो लढाईच्या लुटीतला दहावा भाग, आणि तोही एकदाच दिल्याचं लिहिलंय, दर महिन्याच्या पगारातून नाही. इब्री ७ मध्ये तो दाखला येतो तो मलकीसदेक केवढा थोर हे दाखवायला, मंडळीला वर्गणीचा दर ठरवून द्यायला नाही. मत्तय २३ मध्ये प्रभू ज्यांच्याशी बोलतोय ते नियमशास्त्राखालचे लोक आहेत, मंदिर उभं आहे, याजक आहेत. आज लेवी, म्हणजे मंदिराची सेवा करणारा वंश, कुठेत? लेव्यांना जमिनीत वाटा नव्हता म्हणून दशमांश त्यांना, हे गणना १८ मध्ये आहे, आणि त्यांनीही मिळालेल्यातला दहावा भाग पुढे द्यायचा होता.

अनुवाद या पुस्तकाचा १४ वा अध्याय तर कोणी वाचतच नाही. तिथे दशमांश देणाऱ्यानेच देवासमोर कुटुंबासह खायचा आहे, लांबचा प्रवास असेल तर विकून पैसे करायचे आणि तिथे जाऊन हवं ते घेऊन आनंद करायचा. दर तिसऱ्या वर्षीचा मात्र गावातच ठेवायचा, लेवी, परका, पोरका आणि विधवा यांनी खाऊन तृप्त व्हावं म्हणून. म्हणजे विधवा दशमांश घेणाऱ्यांच्या रांगेत आहे! आपण तिला उचलून थकबाकीदारांच्या रांगेत उभं केलं.

अभ्यासू

इब्री ७ चा तुमचा मुद्दा मान्य, तो अध्याय मलकीसदेकाबद्दलच आहे. पण मग प्रमाण काय? आकडा नसला की माणूस शेवटी उरलंसुरलं देतो, हे मी स्वतःवरून सांगतो. दहा टक्के ठरवल्यापासून पगार झाला की पहिलं देवाचं बाजूला काढतो, त्याआधी महिनाअखेरीला खिशात जे सापडेल ते पेटीत जायचं.

शेवटचा बाक

स्वतःला शिस्त म्हणून ठेवा, उत्तमच आहे. १ करिंथ १६:२ मध्ये पौलही म्हणतो आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याने त्याने आपल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावं. मिळकतीप्रमाणे. आणि २ करिंथ ८:१२ मध्ये, जे जवळ आहे त्याप्रमाणे देणं मान्य होतं, जे नाही त्याप्रमाणे नाही. पन्नास हजारवाल्याचे पाच हजार गेले तर त्याचं घर चालतं, पाच हजारवालीचे पाचशे गेले तर तिचं औषध राहतं.

खजिनदार

मी एका मंडळीचा खजिनदार आहे, सहा वर्षं झाली. आधी माझं मत सांगतो, दशमांश शिकवला पाहिजे आणि मी तो शिकवत राहणार. मंडळीचं भाडं, पाळकांचं मानधन, आजाऱ्यांची मदत हे सगळं आकाशातून पडत नाही. पण एक गोष्ट लिहायचीय जी मी कमिटीतही बोललेलो नाही.

उपासना झाल्यावर आम्ही दोघं मागच्या खोलीत पाकिटं फोडतो, एक मोजतो आणि एक लिहितो. मागच्या वर्षी एक पाकीट आलं, नीट चिकटवलेलं, नंबर घातलेला, आत पैसेच नव्हते. पाकिटाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं होतं, "पुढच्या महिन्यात दोन्ही देते". आमच्या मंडळीतल्या एका मावशींचं पाकीट होतं, नवरा जाऊन चार महिने झाले होते. पेटी समोरून जाताना हात रिकामा दिसू नये म्हणून त्यांनी रिकामं पाकीट चिकटवून टाकलं होतं. मी वहीत शून्य लिहिलं कारण वहीत तेवढीच जागा असते. पुढचा महिनाभर त्यांचं नाव दारावर होतं आणि यादी टाइप करणारा मीच.

इथे वाचल्यावर काल रात्री बायबलमधला नहेम्या १३ काढला. लेव्यांना वाटे मिळत नव्हते म्हणून ते आपापल्या शेतावर निघून गेले होते, हे पाळकाच्या मुलाचं म्हणणं अगदी बरोबर, मंदिर तसं ओस पडतं. पण त्याच अध्यायात आधी आहे की दशमांश ठेवायची मोठी खोली एल्याशीब याजकाने आपल्या संबंधातल्या तोबीयाला देऊन टाकली होती. सुभेदार नहेम्याने आधी तोबीयाचं सामान बाहेर फेकलं, खोली शुद्ध करून घेतली, मग लोकांनी दशमांश आणला आणि मग भांडारावर विश्वासू माणसं नेमली. क्रम बघा. आमचा हिशेब वर्षातून एकदा वाचतात तोही घाईघाईत, आणि लोकांची यादी मात्र दर महिन्याला.

पाळकाचा मुलगा

मावशींचं वाचून गप्प बसलो थोडा वेळ. यादी चुकीची, हे मी मान्य करतो. पण यादी बंद केलीत की ते दोन गाड्यावाले सगळ्यात आधी सुटतील, त्यांचं काय?

मोहरीचा दाणा

त्यांच्या घरी जावं लागेल. वडीलमंडळींनी दोघादोघांनी जाऊन समोर बसून बोलावं लागेल, अवघड आहे पण तेच करावं लागेल. आणि यादीच हवी असेल तर १ तीमथ्य ५:९ मध्ये आहे की, साठ वर्षांवरच्या विधवांची नावं यादीत घ्यायची. मदत कोणाला पोचवायची त्याची यादी ती. पहिल्या मंडळीत वही होती, फक्त ती देण्यासाठी होती.

अभ्यासू

त्या यादीला अटीही आहेत, नातेवाईक असतील तर त्यांनीच सांभाळावं असं तिथेच लिहिलंय. तेही पूर्ण लावा मग.

मोहरीचा दाणा

लावू. तेही पूर्ण लावू.

खजिनदार

पुढच्या कमिटीला दोन विषय देतोय. दारावरची यादी बंद, आणि जमाखर्च दर तीन महिन्यांनी उपासनेनंतर वाचायचा, मानधन वेळेवर गेलं की नाही त्यासकट. पास होईल का माहीत नाही, दोन जण नक्की विरोध करणार. मावशींकडे मात्र आज संध्याकाळीच जातोय, बायकोलाही घेऊन.