आरओमध्ये मीठ अडतं, मग बोरॉन का सुटतो?

फीडपंप: समुद्राच्या पाण्याचा आरओ (दाबाने पाणी मेम्ब्रेनमधून गाळणं), सिंगल पास म्हणजे पाणी एकदाच गाळलं जातं, रिकव्हरी 40 टक्के (फीडपैकी इतकं पाणी गाळून मिळतं). फीडमध्ये (आत येणाऱ्या पाण्यात) बोरॉन 4.8 मिग्रॅ/लिटर, परमिएटमध्ये (गाळून मिळालेल्या पाण्यात) 1.3. टीडीएस (विरघळलेले क्षार) मात्र 280, म्हणजे उत्तम. पाणी मोसंबीच्या बागेला जायचंय, बोरॉन 0.5 हवा. मेम्ब्रेन बदलावं का?

खारंपाणी: मेम्ब्रेन ठणठणीत आहे. समुद्राच्या पाण्यात pH 8 ला जवळजवळ 80 टक्के बोरॉन बोरिक आम्लाच्या रूपात असतो. त्याला विद्युतभार नाही, रेणू लहान, त्यामुळे मेम्ब्रेनच्या पॉलिअमाइडमधून तो पाण्यासारखाच सरकतो. डेटाशीटवरचे बोरॉन अडवण्याचे 90-92 टक्के 25 अंशांना मोजलेले असतात. पाणी 30 च्या वर गेलं की गळती वाढते. घट्ट विणीचं मेम्ब्रेन घेतलंत तर थोडा फरक पडेल, पण पंपाचा दाब वाढेल आणि 0.5 तरीही गाठणार नाही.

आणि नमुना प्लॅस्टिकच्या बाटलीत घेतला होता ना? बोरोसिलिकेट काचेतून बोरॉन पाण्यात उतरतो.

दुसरापास: उपाय दुसऱ्या पासचा. परमिएटला कॉस्टिक सोडा देऊन pH 10 करा आणि पुन्हा मेम्ब्रेनमधून गाळा. गोड्या पाण्यात तिथे सुमारे 85 टक्के बोरॉन बोरेट होतो आणि भारामुळे अडतो. सगळं पाणी फिरवायची गरज नाही. दुसऱ्या पासच्या पाण्यात बोरॉन 0.13 आणि रिकव्हरी 90 टक्के धरली, तर 70 टक्के परमिएट तिकडे वळवून उरलेल्यात मिसळलं की 0.5 येतं. व्हेसलच्या (मेम्ब्रेन बसवलेल्या नळीच्या) मागच्या टोकाचं परमिएट वळवा, बोरॉन तिथे जास्त असतो. म्हणजे 70 पेक्षा कमीत भागेल. इस्रायलच्या अश्केलोनला (2005) बोरॉन 0.4 ची अट अशाच अनेक टप्प्यांनी पाळली.

फीडपंप: मग पहिल्याच पासला pH 10 केला तर?

खारंपाणी: अजिबात नको. समुद्राच्या पाण्यातलं मॅग्नेशियम आणि कॅल्शियम मेम्ब्रेनवर थर धरेल. उलट, फीडला आम्ल देत असाल तर तेही शक्य तितकं कमी करा. त्यातून होणारा कार्बन डायऑक्साइड मेम्ब्रेनमधून पार होतो, कॉस्टिक खातो आणि दुसऱ्या पासमध्ये कार्बोनेटचा थर बसवतो.

दुसरापास: दुसऱ्या पासचं रिजेक्ट (मेम्ब्रेनमधून पार न झालेलं, उरलेलं पाणी) गोडं म्हणून डोळे झाकून फीडमध्ये सोडू नका. वरच्या हिशेबात त्यात बोरॉन जवळपास 12 मिग्रॅ असतो, समुद्राच्या अडीचपट. फीड 4.8 वरून 5 वर जाईल. डिझाइनमध्ये तो आकडा आधीच धरा.