आईबाबांचा औषधांचा डबा: दर रविवारी तोच वाद

प्रश्न: आईबाबा सदाशिव पेठेत. श्रीखंडाच्या डब्यात कापलेल्या स्ट्रिपा, निम्म्यांवर तारीखच नाही. टाकायला गेलं की बाबा म्हणतात, "पैसे पडलेत त्याला!" काय करावं?

उत्तर १: तारीख बहुतेकदा स्ट्रिपच्या एकाच कडेला छापलेली असते, म्हणून दुसऱ्या कडेने कापायला शिकवा. खरा धोका वेगळाच. ब्रँड दोन, आत औषध एकच. अॅम्लोडिपिन हे बीपीचं औषध दोन नावांनी घेतलं की बीपी खाली, पाय सुजलेले. ब्रँड सोडा, औषधाचं मूळ नाव जुळवा. पण चालू गोळी स्वतः बंद करू नका. सगळा डबा पिशवीत घालून डॉक्टरांसमोर रिकामा करा.

उत्तर २: इन्सुलिन असेल तर न उघडलेलं २ ते ८ अंशांत ठेवा. फ्रीजरला चिकटून गोठलं की वाया. उघडलेलं बहुतेक इन्सुलिन २८ दिवसच चालतं. झाकणावर उघडल्याची तारीख लिहा.

उत्तर ३: दुपारी एक ते चारमध्ये विषय काढू नका, पुणं आहे! टाकायच्या गोळ्या स्ट्रिपमधून काढून चहाच्या चोथ्यात कालवा, पिशवी बांधून कचऱ्यात. नुसत्या टाकल्यात तर बाबा परत उचलून आणतील.