लीन योजनेत नाव घालू, पण आबांना कसं घालू?

फौंड्रीवाली_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. गोकुळ शिरगावला आमची ग्रे आयर्नची (ओतीव लोखंडाची) फौंड्री आहे. आबा आणि काकांनी ऑइल इंजिनाच्या फ्लायव्हीलपासून सुरुवात केली, आता ट्रॅक्टरची हाउसिंग आणि ब्रेक ड्रम जातात. महिन्याला साधारण ९०० टन माल. गेल्या वर्षी उलाढाल ११२ कोटी, म्हणजे उद्यम नोंदणीत आम्ही 'मध्यम'. कंत्राटी धरून माणसं ३१०. चार वर्षांपूर्वी पुण्यातली नोकरी सोडून मी आले आणि उत्पादन माझ्याकडे आलं. निदान कागदावर तरी.

रिजेक्शन ७ टक्क्यांच्या खाली येत नाही. म्हणजे महिन्याला ६३ टन. टनाला ६०० युनिट धरले तरी जवळपास ३८ हजार युनिट वीज आम्ही आपलाच बाद माल पुन्हा वितळवण्यात घालवतो. रनर-रायझर, म्हणजे साच्यात रस नेणाऱ्या वाटांत उरलेलं लोखंड, ते वेगळंच. आबांना हा हिशेब दाखवला तर म्हणाले, "फौंड्री हाय ही, पेढ्याचं दुकान न्हवं."

असोसिएशनच्या बैठकीत केंद्राच्या लीन योजनेबद्दल (कारखान्यात वाया जाणारा वेळ आणि माल कमी करायच्या पद्धती) कळलं. सल्लागाराच्या फीपैकी ९० टक्के सरकार देतं, असोसिएशनमार्फत गेलं तर आणखी ५. बाईच्या मालकीचा उद्योग असेल तरी ते ५ मिळतात, पण सातबारा काय आणि उद्यम काय, नाव आबांचंच. असो. खरं तर अडचण पैशाची नाहीच.

गेल्या वर्षी आम्ही स्वखर्चाने एक सल्लागार आणला होता. त्याने मोल्डिंग लाइनला बोर्ड लावला: तासाला किती बॉक्स, किती बाद, कशामुळे. दहा दिवस खरे आकडे आले. अकराव्या दिवशी आबा राउंडला आले, 'सँड ड्रॉप १४' (साच्यातली वाळू सुटून बाद झालेले) वाचलं आणि सगळ्यांदेखत मिस्त्रींना झापलं. मिस्त्री २८ वर्षं आमच्याकडे आहेत, लहानपणी मला खांद्यावर बसवून भट्टी दाखवलेला माणूस. दुसऱ्या दिवसापासून बोर्डावर सँड ड्रॉप २, ३, २. फेटलिंगच्या (कास्टिंग घासून साफ करायच्या जागेच्या) मागचा बाद मालाचा ढीग मात्र होता तेवढाच.

तर प्रश्न असा, की या योजनेत नुसतं फाइव्ह-एस (जागा आवरून नीटनेटकी ठेवायची पद्धत) आणि फरशीवरचे पिवळे पट्टेच असतात, की सुपरवायझरला (आणि स्पष्टच बोलते, मालकाला) शिकवायचं काही असतं? दोनशेच्या वर माणसं असलेल्या कुणी केलंय का?

वाळूजकर_प्रेसशॉप

ताई, आम्ही जुन्या योजनेत होतो, २००९ ला सुरू झालेल्या. तेव्हा एकट्याला जाता येत नसे, क्लस्टर करावा लागे. आम्ही दहा युनिटं जमलो. सरकार ८०, आम्ही २०. दहा मालकांना एका टेबलावर बसवण्यातच चार महिने गेले, त्यातला एक महिना चहाचा खर्च कुणी करायचा यावर गेला असेल.

पण खरा फायदा तिथंच झाला. दर महिन्याला एकमेकांचं शॉप बघायला जायचं ठरलं. मी शेजारच्याकडे वीस वर्षं लग्नाला, बारशाला गेलो होतो, शॉप कधी पाहिलं नव्हतं. त्याच्याकडे प्रेसच्या उंचीची डायची (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याची) ट्रॉली बघितली. आमच्याकडे डाय बदलायला ९५ मिनिटं लागायची, त्यातली तीस नुसती क्रेनची वाट बघण्यात. भंगारातल्या चॅनेलची ट्रॉली बनवली, बोल्टांच्या जागी क्लॅम्प लावले, डाय आदल्या पाळीतच शेजारी आणून ठेवायला लागलो. ४० मिनिटांवर आलो. सल्लागाराने काय केलं? स्टॉपवॉच घेऊन उभा राहिला आणि आमच्याच माणसाला विचारत राहिला, "आता कशासाठी थांबलास?" एवढंच.

आता वाईट भाग. तीन महिन्यांनी नव्या लाइनचं काम निघालं आणि मी बैठकांना जाणं सोडलं. ज्या सुपरवायझरने हे सगळं उभं केलं, त्याला चाकणला जास्त पगार मिळाला, तो गेला. वर्षभरात ७० मिनिटं. ट्रॉली अजून आहे, तिच्यावर डबे ठेवतात. चूक माझी.

जुनाट_सल्लागार

निवृत्त आहे, कुणाची जाहिरात नाही. थोडी माहिती देतो.

वाळूजकरांनी सांगितलेली योजना बदलून १० मार्च २०२३ ला नव्या रूपात आली, तेव्हा नारायण राणे लघु-मध्यम उद्योग खात्याचे मंत्री होते. आता क्लस्टरची सक्ती नाही. बेसिक, इंटरमीडिएट, अॅडव्हान्स्ड असे तीन टप्पे, आधी ऑनलाइन शपथ घ्यायची. राबवणाऱ्या संस्था दोन, क्वालिटी कौन्सिल आणि राष्ट्रीय उत्पादकता परिषद. झेड प्रमाणपत्र (दोष आणि प्रदूषण शून्यावर आणायचं) हे वेगळं प्रकरण, त्यात मध्यम उद्योगाला फीवर ५० टक्केच सवलत आहे. गिऱ्हाईक मागत असेल तर घ्या, त्याने रिजेक्शन कमी होईल ही आशा धरू नका.

योजना सल्लागाराचे दिवस देते. मालकाचा वेळ ती कुठून देणार? तारापूर आणि उंबरगावच्या कापड गिरण्यांत २००८ च्या सुमारास स्टॅनफर्ड आणि जागतिक बँकेच्या संशोधकांनी एक प्रयोग केला होता. निवडक गिरण्यांना काही महिने फुकट सल्लागार दिले, बाकीच्यांना फक्त पाहणी. कामं साधी होती: दोष नोंदवा, सुताचा साठा मोजा, यंत्राची देखभाल तारखेवर करा, रोज बैठक घ्या. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्के वाढली. नऊ वर्षांनी तेच लोक परत गेले. जवळजवळ निम्म्या पद्धती गायब. मुख्य कारणं दोन, गिरणीचा मॅनेजर बदलला आणि मालकांना वेळ उरला नाही. वाळूजकर, मन खाऊ नका, तुमच्यासारखे बरेच आहेत. आणि तरीही त्या गिरण्या बाकीच्यांच्या पुढेच होत्या, हेही तितकंच खरं.

नेतृत्वाचं शिक्षण म्हणाल तर २००७ पासून जपानच्या मदतीने शोजी शिबा या जपानी प्राध्यापकांचा कार्यक्रम झाला. त्यांना २०१२ ला पद्मश्री मिळाली. त्याच धाग्यातून पुढे मोठ्या कंपनीने आपल्या पुरवठादारांना घेऊन शिकायचं, अशी कामं झाली. तुमच्या ट्रॅक्टरवाल्या गिऱ्हाइकाच्या व्हेंडर विभागाला विचारून बघा. आबा तुमचं ऐकणार नाहीत, गिऱ्हाइकाचं ऐकतील.

करार करण्याआधी एक विचारा: प्रत्यक्ष फ्लोअरवर कोण येणार? बैठकीला पिकलेल्या केसांचा येतो, कामाला नुकता पास झालेला.

इचलकरंजीचा_गडी

आमच्यात बी आलतं लीन. पट्टे मारलं, बोर्ड रंगवला, फोटो काढलं. पट्टं पुसलं, फोटो हायत.

डडलीतला_देशपांडे

मी इंग्लंडात ब्लॅक कंट्रीमध्ये, ऐंशी माणसांच्या मशीन शॉपमध्ये काम करतो. इथला भागही एकेकाळी फौंड्र्यांचाच.

इथे सरकारने २०२१ ला एक अभ्यासक्रम सुरू केला, तो तुमच्या प्रश्नाच्या जवळ जातो. ५ ते २४९ माणसांच्या उद्योगांसाठी, बारा आठवडे, बिझनेस स्कूलमध्ये. खर्चाच्या ९० टक्के सरकारचे, उद्योगाने ७५० पौंड भरायचे. गंमत अशी, की त्याला मालकाने किंवा वरच्या फळीतल्या माणसानेच बसायचं. सुपरवायझरला पाठवून हात झटकता येत नाहीत. सोबत एक मार्गदर्शकही मिळतो.

आमचा मालक साठीचा, शाळा सोळाव्या वर्षी सोडलेला. कुरकुरत गेला. वर्गात शेजारी बेकरीवाली बाई बसायची. ती याला म्हणाली, "तुझ्याकडे वाईट बातमी तुला कोण सांगतं?" याला एकही नाव सुचलं नाही. परत आल्यावर तो आम्हाला दर शुक्रवारी हे विचारायला लागला. पहिले तीन शुक्रवार कुणीच बोललं नाही. चौथ्यांदा स्टोअरवाला म्हणाला, "इन्सर्ट संपलेत आणि ऑर्डरवर तुमची सही दोन आठवडे अडकलीय." मालक लाल झाला, पण सही केली. तेव्हापासून लोक बोलतात. भरभरून नाही, पण बोलतात.

फौंड्रीवाली_कोल्हापूर

सगळ्यांचे आभार, आणि उशिरा लिहितेय त्याबद्दल माफी. पंधरवड्यात बरंच झालं.

वाळूजकर काकांचा किस्सा आबांना वाचून दाखवला. ट्रॉलीवर डबे ठेवतात, इथपर्यंत हसले, पुढे गप्प झाले. असोसिएशनमार्फत अर्ज भरला. शपथेचा मजकूर आबांनी चष्मा लावून पूर्ण वाचला आणि म्हणाले, "लग्नात बी एवढी वचनं दिली न्हवती मी." सल्लागाराला भेटले, फ्लोअरवर स्वतः येणार का विचारलं. तो म्हणाला, महिन्यातून तीन दिवस मी, बाकी ज्युनियर. मग ज्युनियरलाही भेटले. मुलगा बरा आहे, बोलण्याआधी वाळू हातात घेऊन दाबून बघतो.

मिस्त्रींशी मी एकटीच बोलले. म्हणाले, "आकडा लिवतो की ताईसाहेब. पर आकड्याखाली माझं नाव नगं." मग नवा बोर्ड केलाय. त्यावर माणसाचं नाव नाही, फक्त पॅटर्नचा (वाळूत साचा उठवायच्या नमुन्याचा) नंबर आणि वाळूतला ओलावा. गेल्या आठवड्यात बाद मालातले निम्मे बॉक्स दोनच पॅटर्नचे निघाले, आणि दोन्ही पॅटर्न काकांनी स्वस्तात करून घेतलेले. आता काका माझ्याशी बोलत नाहीत, तो वेगळा धागा काढावा लागेल.

आबा रोज सव्वाआठला बोर्डापाशी दहा मिनिटं येतात. अट एवढीच की बोलायचं नाही, फक्त वाचायचं. परवा 'सँड ड्रॉप ११' वाचलं, तोंड उघडलं, मिस्त्रींकडे बघितलं आणि तंबाखू मळत निघून गेले.

काका (वाळूजकर), त्या ट्रॉलीचा डब्यांसकट फोटो मिळेल का? फेटलिंगच्या भिंतीवर लावायचाय.