‘शाळा म्हणजे कोंडवाडा’ म्हणणाऱ्या घरशाळेवाल्यांना उत्तर

सातपुड्याचा मास्तर

धुळ्याच्या एका ताईंनी मागच्या आठवड्यात या मंचावर लिहिलेलं बहुतेकांनी वाचलं असेल. दोन्ही मुलांना शाळेतून काढलं, आता घरीच शिकवतात. पाटणादेवीला नेऊन गणिती भास्कराचार्य समजावले, सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचे सौदे ऐकवून व्यवहारी गणित घेतलं, सोनगीरला तांब्या-पितळेची भांडी घडताना दाखवली, आजीच्या शेतात कापूस वेचायला लावून टक्केवारी शिकवली. इथपर्यंत माझी काहीच हरकत नव्हती. पण शेवटी त्यांनी लिहिलं की शाळा म्हणजे कोंडवाडा आहे, आणि ज्यांचं पोरांवर खरं प्रेम आहे ते आईबाप पोरांना तिथे कोंडणार नाहीत. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. ते वाचून गप्प बसवलं नाही.

मी चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. कापूस फुटला की माझा वर्ग रिकामा व्हायला लागतो. काही पोरं वेचणीला जातात, काही आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत. ताईंची मुलगी कापूस वेचते तेव्हा तो अनुभव. माझ्या चौथीतली पोरगी तोच कापूस वेचते तेव्हा ती हजेरीपटावर गैरहजर. बोंडाच्या टोकांनी बोटं दोघींचीही फाटतात. पण एकीला संध्याकाळी वही उघडून जवळ घेणारी शिकलेली आई आहे आणि दुसरीला धाकट्या भावाला कडेवर घेऊन चूल पेटवायची असते.

ती पोरगी संक्रांतीनंतर वर्गात परत आली. गाठोडं नुसतं उचलून किती किलो भरेल ते अचूक सांगायची. मला त्याचं कौतुक करवलं नाही, कारण तिच्या घरच्या मजुरीचा हिशोब मुकादमाच्या वहीत होता आणि ती वही तिला वाचता येत नव्हती. जोडाक्षरं पार विसरून गेली होती.

आणि ताई, पाटणादेवीला गेलाच होतात तर तिथल्या शिलालेखात काय आहे तेही मुलांना सांगायचं होतं. १२०७ च्या सुमाराचा लेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ काढला, निकुंभ राजांनी त्याला दान दिलं. घरात एवढी विद्या असून त्या घराने ती घरात ठेवली नाही. शाळाच काढली.

केळीवाला, रावेर

मास्तर, तुमच्या पाड्याचं दुःख खरं आहे, पण त्याचा राग ताईंवर का काढता? शाळेत जाऊन काय दिवे लागतात ते मी घरात बघतोय. पुतण्याला दहावीला नव्वदच्या वर टक्के. बारावीनंतर बागेत आला तर त्याला पावसाळ्यात लावलेली मृगबाग कोणती आणि त्यानंतरची कांदेबाग कोणती ते सांगता येईना. पानावरचा करपा आणि थंडीचा चरका त्याला सारखाच दिसतो. घरी चार पिढ्या केळी, आणि पोरगं मोबाइलवर फोटो पाठवून दुकानदाराला विचारतं कोणतं औषध मारू! हा पुतण्या लहानपणी सुटीतसुद्धा बागेत आला नाही, कारण सुटीत शिकवणी.

सावद्याला, निंभोऱ्याला रेल्वेच्या डब्यात केळी भरताना बघा. घड कसा धरायचा, कोणत्या मालाला दिल्लीपर्यंतचा प्रवास सोसेल, हे हमाल नजरेने सांगतो. कोणत्या पुस्तकात आहे हे? आपल्या बहिणाबाई कुठे गेल्या होत्या शाळेत? अक्षर ओळखत नव्हत्या, पण अहिराणीत जे सांगून गेल्या त्यावर आज पोरं डॉक्टरेट करतात. विद्यापीठाला नाव त्यांचं आहे, कुठल्या हेडमास्तरचं नाही.

असोद्याची लेक

भाऊ, दोन गोष्टी सांगते. बहिणाबाईंच्या माहेरच्या गावची आहे, म्हणून ऐकून घ्या.

बहिणाबाईंचं नाव घेऊन शाळेची गरज नाही म्हणणारे लोक मला दर महिन्याला भेटतात. त्या जात्यावर, शेतात गायच्या. ते आज आपल्यापर्यंत आलं कारण मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ यांनी ते ऐकून कागदावर उतरवलं. त्या १९५१ ला गेल्या आणि गाणी छापून आली १९५२ ला. घरात लिहिणारं कुणी नसतं तर सगळं त्यांच्याबरोबर गेलं असतं. खान्देशात त्यांच्यासारख्या किती बाया गाऊन गेल्या असतील, ज्यांच्या घरात शाळेत गेलेलं कुणी नव्हतं? त्यांचं एक नाव तरी सांगता येईल का तुम्हाला?

दुसरं म्हणजे ती अहिराणी नाही. लेवा गणबोली आहे, आम्हा लेवा पाटीदारांची बोली. रावेरला राहून तुम्हाला हे सांगावं लागतं याचंच वाईट वाटतं.

अहिराणी बाणा, साक्री

झालं सुरू! कुणी खान्देशी बोलीचं कौतुक केलं की लगेच आमची वेगळी, तुमची वेगळी. अशाने दोन्ही मरतील. २०११ च्या जनगणनेत खान्देशी ही स्वतंत्र भाषा म्हणून मोजली, साडेअठरा लाखांच्या वर लोकांनी ती मातृभाषा सांगितली, आणि २००१ ला हाच आकडा वीस लाखांच्या पुढे होता. लोकसंख्या वाढली, बोलणारे कमी झाले. का झाले? शाळेमुळे.

माझ्या प्राथमिक शाळेत, नाव घेत नाही, अहिराणी बोललं की बाकावर उभं करायचे. ‘गावंढळासारखं बोलू नको’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की घरी आईशीसुद्धा पुस्तकी बोलायला लागलो. आई गोंधळून बघायची, मग हळूहळू माझ्याशी कमीच बोलायला लागली. ती गेली. आता तिच्या तोंडच्या ओव्या आठवायचा प्रयत्न करतो तर अर्ध्या ओळीच आठवतात. आमनी मायनी आमले जे शिकाडं ते कोनती शायामा भेटस? ताईंची मुलं आजीबरोबर शेतात अहिराणी बोलतात असं त्यांनी लिहिलंय. एवढ्या एका कारणासाठी मी त्यांच्या बाजूने आहे.

असोद्याची लेक

तुमच्या आईचं वाचून खरंच वाईट वाटलं. पण वेगळं नाव सांगितल्याने बोली मरत नाही. लेवा बोलीला अहिराणीच्या पोटात घातलं की आमची मुलं कुणाला सांगणार आम्ही काय बोलतो ते? तुम्हाला शाळेत जे झालं तेच तुम्ही आम्हाला करताय. आमच्या बोलीला दुसऱ्याचं नाव लावताय.

अहिराणी बाणा, साक्री

मी कुणाला बाकावर उभं केलेलं नाही. शब्द जपून वापरा. इंग्रजांच्या काळात भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रिअर्सननेसुद्धा खान्देशी एकत्रच धरली होती.

सातपुड्याचा मास्तर

ग्रिअर्सनने ती भिली भाषांबरोबर एका खंडात घातली होती हेही सांगा ना! तेवढं कुणी सांगत नाही.

धागा कशावर होता आणि तुम्ही भांडताय कशावर? तुमचं दोन बोलींचं भांडण चाललंय, माझ्या वर्गात तिसरीच आहे. पोरं पावरी बोलतात, पावरा आदिवासींची बोली. पहिलीतलं पोर येतं तेव्हा त्याला मराठी कळत नाही आणि अहिराणीही कळत नाही. शिरपूर-चोपड्याच्या बाजारात त्याच्या आईला अहिराणी बोलणारा दुकानदारच ‘गावंढळ’ म्हणतो. नव्या शिक्षण धोरणात, २०२० च्या, शक्य तिथे पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा असं लिहिलंय. पावरीतलं एक पुस्तक माझ्यापर्यंत पोचलेलं नाही. मी पोरांकडूनच शब्द शिकलो आणि भिंतीवर पावरी-मराठी असे शेजारी शेजारी लिहून ठेवले. ही भिंत शाळेचीच आहे. तिला कोंडवाडा म्हणू नका.

आणि सरदार सरोवराच्या पाण्यात ज्यांची गावं गेली त्या नर्मदाकाठच्या लोकांनी आंदोलनातून स्वतःच्या जीवनशाळा उभ्या केल्या, नव्वदच्या दशकात. जंगल, नदी, शेती, सगळा अनुभव त्यांच्या दारातच होता. तरी त्यांना शाळा हवी झाली, कारण कागद वाचता येत नाही त्याची जमीन कशी जाते ते त्यांनी भोगलं होतं.

पांझराकाठची आई

ज्या ताईंबद्दल हे चाललंय ती मीच. दोन दिवस वाचत होते, आता बोलते.

आम्ही श्रीमंत नाही. नवऱ्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. आमच्या ‘सहली’ एसटीने होतात, डबा घरचा. मुलाला शाळेतून काढलं तेव्हा कुठलंही तत्त्वज्ञान डोक्यात नव्हतं. तो दुसरीत होता. वही आणायला विसरला म्हणून तळहातावर वळ उठेपर्यंत मारलं. रात्री झोपेत ‘आणली, आणली’ म्हणून ओरडायचा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारायला बंदी आहे हे मला नंतर कळलं. मास्तर, तुम्ही मारत नसाल. माझ्या पोराला तुम्ही मिळाला नाहीत.

पोस्टमध्ये फक्त फिरणं दिसतं, कारण तेच लिहायला आवडतं. रोज सकाळी वाचन, लेखन, गणित होतंच, ते काय लिहायचं? पण फिरण्याला हलकं समजू नका. साक्रीकडे पांझरेवर जुनी फड पद्धत आहे. बंधाऱ्यातून पाट निघतो, खालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. मुलं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याच्या मागे मागे हिंडली. लेकीने पाटात लिंबाचं पान सोडलं, ठरवलेल्या दोन दगडांमध्ये त्याला किती वेळ लागतो ते मोजलं. मुलाने पाटाची रुंदी आणि खोली काठीने घेतली. घरी येऊन दोघांनी मिनिटाला किती पाणी जातं ते काढलं. आधी चुकलं, कारण तळाशी पाणी सावकाश वाहतं हे लक्षात घेतलं नव्हतं. मग लेकीने पाटकऱ्याला विचारलं, पाणी कमी पडलं तर शेवटच्या शेताचं काय? तो म्हणाला, कमी पडलं तर सगळ्यांनाच कमी. पुस्तकातल्या नागरिकशास्त्राने हे तिला कधी शिकवलं असतं?

कापसाचंही तसंच. ओल आठ टक्क्यांपर्यंत असेल तर सीसीआयकडे, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाकडे, पूर्ण भाव, बारापर्यंत कपात, त्याच्या वर घेतच नाहीत. गावातला व्यापारी मात्र ओल हाताने बघतो आणि मनाला येईल तेवढी घट धरतो. माझ्या मुलीने ती घट पैशांत मांडून आजीला दाखवली. आजी आता काट्याजवळ उभी राहते.

‘प्रेम असेल ते कोंडणार नाहीत’ हे वाक्य मागे घेते. तुमच्या पाड्यावरच्या आयांना ते लागत असेल तर ते चूकच. कोंडवाडा हा शब्द मात्र मागे घेणार नाही. माझ्या पोराला तो तसाच लागला होता.

भुसावळ यार्ड

प्रेम, अनुभव, बोली, सगळं झालं. दाखल्याचं कुणी बोलणार का? त्याच शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १० मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलंय. घरशाळेवर थेट बंदी नाही, थेट मान्यताही नाही. माझ्या बहिणीने पोरीला पहिल्यापासून घरीच शिकवलं. हुशार पोरगी. दहावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरायला गेले तर पाचवी पास असल्याचा दाखला मागितला, तो आणायचा कुठून? बहीण त्या खिडकीबाहेर रडली. शेवटी एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेतून, बसवली, तिथे चौदा पूर्ण लागतात. वर्ष गेलं ते गेलंच. ताई, तुमच्या मुलांचं आजच बघून ठेवा, नंतर धावपळ नको.

केळीवाला, रावेर

म्हणजे शेवटी कागदच! शिकलं काय ते कुणी विचारत नाही.

भुसावळ यार्ड

विचारत नाही हे खरं. पण तुमच्या पुतण्याकडे तो कागद आहे म्हणून तुम्ही हे आरामात बोलू शकता.

सातपुड्याचा मास्तर

ताई, मारणाऱ्याची बाजू मी घेणार नाही, तो माझा बिरादर असला तरी. पाटाचं जे लिहिलंत ते चांगलं आहे, हे कबूल. मुलीने तळाच्या पाण्याचा विचार केला म्हणजे खरोखर शिकली. माझ्या पोरांनाही असं न्यावं वाटतं. धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना सांगितलेत, एसटी शैक्षणिक सहलीला निम्मं भाडं घेते. पण उरलेलं निम्मं माझ्या पाड्यावर कोण देणार? २०१६ ला मुरूडच्या समुद्रात चौदा विद्यार्थी गेले तेव्हापासून परवानग्यांचे कागद वाढले, ते बरोबरच आहे. पण दोन शिक्षकी शाळेत ते कागद कोण करणार? तुम्ही एसटी पकडता आणि निघता.

राग मला याचा आहे. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत चारातले तीन सदस्य पालक असतात, त्यात निम्म्या बाया लागतात. माझ्या समितीतल्या आया सही म्हणून अंगठा देतात आणि माझ्यासमोर तोंड उघडायला घाबरतात. तुमच्यासारखी बाई, जी काट्याजवळ आजीला उभी करते, ती पोरं घेऊन घरी गेली की त्या मारकुट्या वर्गातल्या बाकीच्या पोरांसाठी बोलायला कुणीच उरत नाही. तुमचा मुलगा सुटला. त्याच्या शेजारी बसणारा अजून तिथेच आहे.

पांझराकाठची आई

मी गेले होते. लेखी तक्रार दिली, पोच अजून कपाटात आहे. ‘जमत नसेल तर दुसरी शाळा बघा’ असं उत्तर मिळालं. शेजारी बसणाऱ्याच्या आईला बरोबर चला म्हटलं, ती म्हणाली, उगाच माझ्या पोरावर डूख धरतील. मी अजून किती लढायचं होतं, आणि तोवर मुलाने रोज तिथे जायचं होतं का? सात वर्षांच्या पोराला पुढे करून मी शाळा सुधारणार नाही, मास्तर.

सातपुड्याचा मास्तर

नका करू. तसं मी म्हणणारही नाही. पण तो शेजारचा पोरगा माझ्या डोक्यातून जात नाही. त्याची आई आज तयार असेल तर ती तक्रार दोघींच्या सहीने परत द्या, या वेळी थेट गटशिक्षणाधिकाऱ्याकडे. तुमचा मुलगा आता तिथे नाही, त्यामुळे तुमच्यावर डूख धरायला त्यांच्याकडे काही नाही. मजकूर मी लिहून देतो.

अहिराणी बाणा, साक्री

मास्तर, त्या भिंतीवरच्या पावरी शब्दांचा फोटो टाका. असोद्याच्या ताईंनाही बघू द्या, आणि लेवा शब्द वेगळ्या रकान्यात लिहिले तरी माझी तक्रार नाही.

असोद्याची लेक

वेगळ्या रकान्यातच लिहायचे असतात. फोटो टाका, सर.