क्रोनो ट्रिगर प्रथमच खेळायचा आहे. कोणती आवृत्ती निवडावी?

कोपरीकर, ठाणे पूर्व

नमस्कार. मी नोकरीनिमित्त रोज ठाणे-वाशी लोकलने जाते-येते आणि रविवारी घरी माझी बारा वर्षांची पुतणी असते. आम्हा दोघींना क्रोनो ट्रिगर हा जुना जपानी रोल-प्लेइंग खेळ पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळायचा आहे. माझ्या लहानपणी घरात असे काही नव्हते, त्यामुळे मीही यात पूर्णपणे नवखीच आहे. शोधायला बसले तेव्हा सुपर निन्टेन्डो, प्लेस्टेशन, निन्टेन्डो डीएस (ही तिन्ही खेळाची यंत्रे), मोबाइल आणि स्टीम (संगणकावरील खेळांचे ऑनलाइन दुकान) अशा आवृत्त्यांची नावे समोर आली आणि प्रत्येकीबद्दल लोक इतक्या ठामपणे परस्परविरुद्ध बोलत होते की माझा गोंधळ अधिकच वाढला.

घरी एक साधा लॅपटॉप आहे, कंट्रोलर आहे आणि माझा फोन आहे. एक गोष्ट मुद्दाम सांगते. पुतणी मराठी माध्यमात सातवीत आहे. तिला इंग्रजी वाचता येते, पण सावकाश, आणि अडलेला शब्द विचारल्याशिवाय ती पुढे जात नाही. कथेतील गुपिते मात्र कृपया उघड करू नयेत.

ऐरोलीचा जुना खेळाडू

ताई, आपण पुतणीच्या इंग्रजीचा उल्लेख केलात हे फार बरे झाले, कारण माझ्या मते आपला निर्णय त्याच मुद्द्यावर व्हायला हवा. हा वाचण्याचा खेळ आहे. चित्रे, संगीत आणि लढाया सर्व आवृत्त्यांत जवळपास त्याच आहेत. खरा फरक पडतो तो संवादांच्या भाषेत.

मूळ खेळ १९९५ साली सुपर निन्टेन्डोवर आला. त्याचे तेव्हाचे इंग्रजी भाषांतर टेड वूल्झी यांनी केले होते. त्यात बेडकाच्या रूपातील योद्धा जुन्या धाटणीचे, शेकडो वर्षांपूर्वीचे इंग्रजी बोलतो. आपल्याकडे एखादे पात्र एकदम बखरीच्या मराठीत बोलू लागावे, तसे ते वाटते. मूळ जपानीत तो तसे बोलत नाही. ती भर भाषांतरातली आहे. शिवाय त्या काळी निन्टेन्डोच्या अमेरिकेतील शाखेचे मद्याच्या उल्लेखांबाबत कडक नियम होते, म्हणून एका प्रसंगातील पिण्याची स्पर्धा इंग्रजीत चक्क सूप पिण्याची झाली. २००८ साली डीएससाठी भाषांतर नव्याने झाले. त्यात बेडकाची भाषा सरळ झाली आणि एकंदर मजकूरही मूळ जपानीच्या अधिक जवळ आला. मोबाइल आणि स्टीमवरील मजकूर याच नव्या भाषांतरावर आधारलेला आहे. जी मुलगी अडलेला शब्द विचारल्याशिवाय पुढे जात नाही, तिच्यासाठी नवे भाषांतरच योग्य. जुने घेतलेत तर बेडूक बोलू लागला की दर वाक्याला खेळ थांबेल.

प्लेस्टेशनची आवृत्ती टाळावी. तिच्यात या खेळाची पात्रे रेखाटणारे चित्रकार अकिरा तोरियामा यांच्या शैलीतील ॲनिमेशनची दृश्ये प्रथम घालण्यात आली, पण ती डिस्कवरून चालत असल्यामुळे लढाई सुरू होताना आणि मेनू उघडताना दर वेळी थांबावे लागते. ज्या खेळात मेनू सतत उघडावा लागतो, तिथे हे थांबणे दोन तासांत नकोसे होते. ती दृश्ये आता डीएस, मोबाइल आणि स्टीमवरही आहेत.

घणसोली २१

वरील मताशी सहमत आहे, परंतु स्टीमच्या आवृत्तीबद्दल एक खुलासा आवश्यक वाटतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये ती आली तेव्हा तिच्यावर झालेली टीका योग्यच होती. मोबाइलची आवृत्ती जशीच्या तशी उचलून संगणकावर ठेवली होती. चित्रांवर गुळगुळीत फिल्टर, बेढब फॉन्ट आणि बोटाने दाबण्यासाठी केलेली मोठमोठी बटणे. नंतर त्याच वर्षी एकामागून एक पॅच, म्हणजे दुरुस्त्या, आल्या आणि यांतील बहुतेक दोष दूर झाले. इंटरनेटवर आपण वाचलेली अनेक नाराजीची मते त्या पहिल्या काही आठवड्यांतली असावीत, म्हणून मत वाचताना तारीख अवश्य पाहावी. खेळ सुरू केल्यावर सेटिंग्जमध्ये चित्रांची मूळ पद्धत निवडा. चौकोनी पिक्सेल स्पष्ट दिसू लागतात आणि पात्रांचे चेहरे पुसट राहत नाहीत.

त्याच ठिकाणी लढाईसाठी ॲक्टिव्ह आणि वेट असे दोन पर्याय मिळतील. वेट निवडल्यास डावपेचांची किंवा वस्तूंची यादी उघडी असेपर्यंत शत्रू थांबून राहतो. हळू वाचणाऱ्या मुलीसाठी याहून उपयोगी दुसरी सोय नाही.

वाशीकर काका

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. जुने भाषांतर अवघड आहे हे मान्य, पण त्याला जी चव आहे ती नव्यात नाही. बेडकाच्या जुन्या इंग्रजीमुळेच तो माझ्या मनात राहिला. ताईंनी स्वतः एकदा खेळून झाल्यावर, दुसऱ्या वेळेसाठी ते भाषांतर जरूर पाहावे.

डीएसची कार्ट्रिज (यंत्रात घालायची, खेळ साठवलेली छोटी चकती) शोधण्याच्या फंदात मात्र पडू नका. मी काही वर्षांपूर्वी एका दुकानातून वापरलेली कार्ट्रिज घेतली. लेबलवरील अक्षरे किंचित पुसट होती, तेव्हा मी त्याकडे लक्ष दिले नाही. साधारण अकरा तासांचा खेळ झाल्यावर एके दिवशी सेव्ह, म्हणजे साठवून ठेवलेला खेळ, उघडलेच नाही, आणि मग कळले की कार्ट्रिज बनावट होती. त्यानंतर मी तो खेळ दोन वर्षे हातात घेतला नाही. खरी कार्ट्रिज मिळाली तर डीएससारखा अनुभव नाही, कारण वरच्या स्क्रीनवर लढाई आणि खालच्या स्क्रीनवर मेनू व नकाशा असल्याने चित्र मोकळे राहते. पण पारखणारी व्यक्ती सोबत असल्याशिवाय पैसे गुंतवू नयेत.

ऐरोलीचा जुना खेळाडू

काकांचा अनुभव वाचून वाईट वाटले. अकरा तास ही लहान गोष्ट नव्हे.

लोकलच्या प्रवासाचा प्रश्न राहिलाच. मोबाइलच्या सध्याच्या आवृत्तीत ऑटोसेव्ह आहे, म्हणजे खेळ आपोआप साठवला जातो, त्यामुळे तुर्भे येता येता फोन खिशात टाकावा लागला तरी फारसे काही वाया जात नाही. अडचण अशी की फोनवरचा सेव्ह संगणकावर नेता येत नाही. त्यामुळे एकच खेळ दोन्हीकडे चालवण्याचा विचार सोडून द्यावा. माझे मत विचाराल तर लॅपटॉपवर स्टीमची आवृत्ती घ्या आणि ती फक्त पुतणीसोबत खेळा. आपण लोकलमध्ये एकट्याने पुढे गेलात, तर रविवारी तिच्याबरोबर आश्चर्यचकित व्हायला आपल्याकडे काही उरणार नाही.

डीएसपासून जोडलेला लॉस्ट सँक्टम हा जादा भाग पहिल्या वेळी सोडला तरी चालेल. त्याच त्या डोंगरावर निरोप आणि वस्तू पोहोचवत वर-खाली करावे लागते. आणि कथा न फोडता एवढेच सांगतो की सुरुवातीच्या जत्रेत पुतणीला मनासारखे वागू द्या, कुठेही टोकू नका. तिथल्या लहानसहान वागण्याची नोंद हा खेळ ठेवतो.

कोपरीकर, ठाणे पूर्व

सर्वांचे मनःपूर्वक आभार. स्टीमची आवृत्ती घेतली, चित्रांची मूळ पद्धत आणि वेट हे दोन्ही बदल आधीच करून ठेवले, आणि काल आम्ही दोन तास खेळलो. पुतणी संवाद मोठ्याने वाचते आणि अडलेला शब्द जुन्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवते. कालचे सतरा शब्द झाले. जत्रेत तिने एका म्हाताऱ्याचा डबा मला न विचारता खाऊन टाकला. मी काही बोलले नाही.