पुरुषाने स्कूटर चालवली तर बिघडतं काय?

भांडुपकर

मागच्या जुलैत मी माझी दीडशे सीसीची मोटारसायकल विकली आणि बिनगिअरची स्कूटर घेतली. वय ४४. रोजचा प्रवास भांडुप ते लोअर परळ. एलबीएस मार्गावर मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून कांजूर ते घाटकोपर क्लच दाबा, सोडा, पुन्हा दाबा, एवढंच चालायचं. डावं मनगट सुजायला लागलं. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि गाडी बदला म्हणाले. मी पट्टा बांधून आणखी चार महिने तसाच क्लच दाबत राहिलो, कारण ‘स्कूटर काय चालवायची’ हे डोक्यात घट्ट बसलेलं.

शेवटी घेतली. त्या संध्याकाळी सोसायटीच्या गेटवर शेजाऱ्याने विचारलं, "वहिनींना घेतलीस वाटतं?" मी म्हटलं, नाही, मला. तो म्हणाला, "बरंय, आता भाजीला तूच जा." ऑफिसच्या पार्किंगमध्येही तेच. हे सगळं मी सोडून दिलं. पण दहावीतला मुलगा शाळेच्या आधीच्या वळणावर म्हणतो, "बाबा, इथेच थांबवा." तिथून दप्तर खांद्यावर टाकून चालत जातो. हे मात्र लागलं.

त्याच्या आजोबांकडे लॅम्ब्रेटा स्कूटर होती, इथेच भांडुपच्या एपीआय कारखान्यात तयार झालेली. मी पुढे हँडल धरून उभा, मागे आई, तिच्या मांडीवर बहीण. त्या गाडीला बायकांची गाडी म्हणालेलं मी कधी ऐकलं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या शहरात दुसऱ्या गिअरच्या वर जायलाच मिळत नाही, तिथे स्कूटर हीच शहाण्या माणसाची गाडी. मोटारसायकल हा निव्वळ ताठा. पटत नसेल तर सांगा.

मालाड_मरोळ

दादा, मनगटाचं दुखणं खरं आणि शेजाऱ्याचं बोलणं चुकीचंच. पण शेवटचं वाक्य मला मान्य नाही. मी बाइक ताठ्यासाठी चालवत नाही, चाकासाठी चालवतो.

बहुतेक स्कूटरचं मागचं चाक १० इंची. पुढचं आता काहींना १२ इंची येतं. साध्यातल्या साध्या बाइकचं १७ नाहीतर १८. वीतभर रुंदीचा खड्डा आला की मोठं चाक त्याच्या दोन्ही कडांवर टेकत पलीकडे जातं, लहान चाक त्यात जास्त खोल उतरतं. कोरड्या दिवसात खड्डा दिसतो तरी. जुलैत तो पाण्याखाली असतो.

माझी बहीण जोगेश्वरीला स्कूटरवरून अशीच पडली. पेव्हर ब्लॉक बसवलेला पट्टा, त्यातला एक ब्लॉक निघालेला, वर घोटाभर गढूळ पाणी. वेग फार तर पंचवीसचा. पुढचं चाक त्या खाचेत गेलं आणि ती हँडलवरून पुढे फेकली गेली. हेल्मेट होतं म्हणून हातावर निभावलं. मनगटाजवळचं हाड मोडलं, दीड महिना प्लास्टर. त्याच पट्ट्यावरून मी रोज बाइकने जातो. हिसका बसतो, गाडी हातातून जात नाही. गुडघ्यांनी टाकी आवळून धरता येते, हा आधार स्कूटरवर नाही.

अजून एक. सी लिंकवर आपल्याला बंदी, जे. जे. उड्डाणपुलावर बंदी, अटल सेतूवर बंदी, कोस्टल रोडवर बंदी. गुळगुळीत रस्ते चारचाकीला आणि खालचे खणलेले आपल्याला. उरलेल्या रस्त्यावर मला मोठंच चाक पाहिजे.

चेंबूर_पार्सल

मी दिवसाचे दहा-अकरा तास गाडीवर असतो. पेट्रोल माझ्या खिशातलं. आधी स्कूटर होती, लिटरला चाळीसच्या आसपास. आता शंभर सीसीची बाइक, साठीच्या खाली येत नाही. माझ्यासाठी विषय इथे संपतो. फूटबोर्डवर पिशवी ठेवायची सोय गेली, त्याची आठवण मात्र रोज येते.

गोरेगावची_मी

दोघांचं वाचलं. भांडुपकर दादा, तुम्हाला ‘बायकांची गाडी’ चालवता म्हणून टोमणे बसले. मला ‘पुरुषांची गाडी’ चालवते म्हणून बसतात. माझ्याकडे दीडशे सीसीची मोटारसायकल आहे, सहा वर्षं झाली.

शोरूममध्ये गेले तेव्हा विक्रेत्याने सांगण्याआधीच मला स्कूटरच्या रांगेत नेलं. रंग दाखवायला लागला. मी म्हटलं, ती कोपऱ्यातली बाइक बघायची आहे. त्याने माझ्या मागे उभ्या असलेल्या भावाकडे बघून विचारलं, "सर, तुमच्यासाठी का?" परवान्याच्या वेळीही तसंच. मोटर ट्रेनिंगवाले म्हणाले, "ताई, विदाऊट गिअरचं करून टाका, पटकन होईल." त्यांचं ऐकलं असतं तर आज माझ्या परवान्यावर मोटारसायकल चालवता आली नसती. हे किती मुलींना आधी कुणी सांगतं? मी हट्टाने विथ गिअरचा अर्ज भरला, आठचा आकडा पाय न टेकता काढला आणि पास झाले.

पाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, फेटा बांधून बुलेटवर बसलेल्या बायकांचे फोटो घरोघरी कौतुकाने फिरतात. मीसुद्धा दोनदा गेले आहे. एका सकाळचं ते कौतुक खरं असतं, मी नाकारत नाही. पण वर्षाच्या इतर दिवशी सिग्नलला शेजारचा माणूस वाकून माझे पाय जमिनीला पोचतात का ते बघतो.

त्यामुळे स्कूटर शहाण्यांची आणि बाइक ताठ्याची, ही वाटणीसुद्धा मला नको. बाईने बाइक मागितली की घरचे नेमकं हेच म्हणतात: उगाच हौस कशाला, स्कूटर बरी, सामान आणता येतं. सामान मीच का आणायचं, हे कोणी विचारत नाही.

जुना_चेतकवाला

वय ७१, मुक्काम गिरगाव. ही वाटणी कधी झाली ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

बजाज आधी इटालियन कंपनीच्या परवान्यावर व्हेस्पा स्कूटर बनवायचे. करार संपला आणि १९७२ साली त्यांची स्वतःची चेतक आली. नोंदणी करून वर्षानुवर्षं थांबावं लागे. माझा नंबर सातव्या वर्षी लागला, तोवर पहिली मुलगी शाळेत जायला लागली होती. लग्नाच्या बोलणीत मुलाकडे स्कूटर आहे म्हटलं की समोरचे सावरून बसायचे. ती चालवणंही जोराचं काम होतं. इंजिन उजव्या अंगाला, त्यामुळे गाडी एका बाजूला ओढायची. गिअर डाव्या मुठीत, मूठ फिरवून बदलायचे. पावसात सुरू झाली नाही की हिला एका बाजूला पार आडवी करायची, क्षणभर धरून ठेवायची, उभी करून किक मारायची. गल्लीतला प्रत्येक बाप हे करायचा.

१९८५ च्या सुमारास शंभर सीसीच्या, चार स्ट्रोकच्या मोटारसायकली आल्या आणि लोक तिकडे वळले ते ॲव्हरेजमुळे. मर्दानगीचा त्यात संबंध नव्हता. तो नंतर जोडला गेला. ॲक्टिव्हा स्कूटर आणि पल्सर मोटारसायकल, दोन्ही २००१ च्या. पल्सरच्या जाहिरातीचं वाक्यच होतं ‘डेफिनिटली मेल’, म्हणजे नक्कीच पुरुष. मग मुलींसाठी म्हणून वेगळ्या स्कूटर आल्या, तर त्यांच्या जाहिरातीत विचारलं, सगळी मजा मुलांनीच का करावी. चार-पाच वर्षांत गाडीला लिंग चिकटलं. पुढे बजाजने स्कूटर बनवणंच थांबवलं, आणि २०२० साली चेतक हेच नाव घेऊन विजेवरची स्कूटर आणली. भांडुपकर, मुलाला आजोबांच्या लॅम्ब्रेटाचा फोटो दाखवा.

मालाड_मरोळ

काका, इतिहास पटला. ताईंचंही पटलं. परवान्याची गोष्ट मी माझ्या मामेबहिणीला आजच सांगतो. पण माझा मुद्दा जाहिरातीचा नाहीच. खड्ड्याला जाहिरात कळत नाही. भांडुपकर दादा, चाकाचं उत्तर द्या.

परळ_गॅरेज

हिंदमाताजवळ माझं छोटं गॅरेज आहे, वडिलांपासून. रोज दोन्ही गाड्या उघडतो म्हणून बोलतो.

चाकाचं भाऊ बरोबर बोलले. मी अजून एक सांगतो जे स्कूटरवाल्यांना कोणी सांगत नाही. बाइकवर उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की गिअर इंजिनाकरवी गाडीला ओढून धरतो. स्कूटरमध्ये वेग कमी झाला की आतला क्लच आपोआप सुटतो आणि गाडी मोकळी धावते. उड्डाणपुलावरून हळू उतरताना सगळा भार ब्रेकवर. आणि लोक डावा लिव्हर सोडून दुसरा धरतच नाहीत. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना निदान कॉम्बी ब्रेक तरी सक्तीचा झाला, त्यात डावा लिव्हर दाबला की दोन्ही चाकं धरली जातात. जुन्या गाडीत तसं नाही. ओल्या रस्त्यावर फक्त मागचं चाक धरलं की शेपटी फिरते.

पाणी भरलं की स्कूटरच्या बेल्टच्या डब्यात पाणी जातं. बेल्ट ओला होऊन घसरतो, रेस दिली तरी गाडी जागची हलत नाही. अशा दिवशी माझ्या दारात ढकलत आणलेल्या गाड्यांची रांग लागते.

पण बाइकवाल्यांचंही ऐका. पाऊस संपल्यावर चेनला तेल घालायला दहातले दोघं येतात. चेन इतकी सैल झालेली असते की बोटाने उचलली तर वर कव्हरला लागते. ती चालत्या गाडीत उतरली आणि मागचं चाक जाम झालं तर मोठं चाक काय उपयोगाचं? मला विचाराल तर निम्म्या लोकांची गाडी चुकीची नसते, देखभाल चुकीची असते.

भांडुपकर

ताई, तुमचं वाचून थांबलो. ‘ताठा’ हा शब्द मागे घेतो. चेंबूरच्या भावाचा हिशोबही चुकीचा नाही.

मालाडच्या भाऊ, चाकाचं उत्तर माझ्याकडे नाही, तुमचं खरं आहे. मागच्या ऑगस्टमध्ये विक्रोळीला मीही एकदा हेलपाटलो होतो, ते इथे लिहिलं नव्हतं. तेव्हापासून पाणी साचलेलं दिसलं की गाडी स्टेशनला लावून लोकल पकडतो. पण बाकीचे आठ महिने माझं मनगट दुखत नाही, संध्याकाळी घरी आल्यावर मुलाबरोबर कॅरम खेळता येतो. वर्षभर हात सुजवून घ्यायचा, की चार महिने जपून राहायचं, यात मी दुसरं निवडलं. वहिनींची गाडी म्हणून हसणाऱ्याने यातल्या एकाही गोष्टीचा विचार केलेला नसतो, माझा राग तेवढ्यावरच आहे.

परळच्या दादा, माझी स्कूटर सुटताना थरथरते. सिग्नलला हिरवा झाला की पहिले दोन-तीन सेकंद पायाखाली जाणवतं.

परळ_गॅरेज

किती किलोमीटर झाली? क्लच खराब नसेल तर बेल्टच्या पुलीतले रोलर झिजले असतील. ते गोल असतात, झिजले की एका बाजूने सपाट होतात आणि गाडी झटके खाते. डबा उघडला की काळी भुकटी दिसेल. बेल्टलाही भेगा आहेत का बघून घेऊ, तुटला तर भर रस्त्यात उभे राहाल. आणि हवा पुढे-मागे वेगवेगळी असते, गाडीवर स्टिकर असतो, त्याप्रमाणे भरा. पंपावरचा पोरगा दोन्हीकडे सारखीच भरतो.

रविवारी दुपारी दोनपर्यंत दुकान उघडं आहे.

भांडुपकर

अठरा हजार झाली. रविवारी येतो. मुलगाही येतोय, डबा उघडताना त्याला बघायचंय.